शेतावरचं उपचारगाव बांधताना : जमीन, घरं, गोठा, विहीर आणि कुंपण

मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी आम्ही शेतावर वस्ती बांधली, तिथे पहिलं मोठं भांडण झालं ते पंख्यावरून. मे महिना, विदर्भातलं ऊन. विश्वस्तांचं म्हणणं साधं होतं, प्रत्येक खोलीत छताला पंखा लावा. मानसोपचाराचे डॉक्टर म्हणाले, छताला काहीच लटकवायचं नाही, त्याला कोणी फास लावून घेऊ शकतं. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी भिंतीवरचे पंखे आले, वायर भिंतीत गाडली आणि वारा थोडा कमी पडतो हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं. तेव्हापासून खुंटी ठोकायची म्हटली तरी मी आधी विचारतो, ही कोणाच्या खोलीत आणि रात्री दोन वाजता तिचं काय होऊ शकतं?

मी डॉक्टर नाही. पाइप, पत्रे, कुलपं, कुंपण हे माझं काम. त्यामुळे उपचार कसे करावेत हे इथे सापडणार नाही. जागा कशी असावी, एवढंच सांगतो.

या जागा म्हणजे काय, ते थोडक्यात. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य अशा आजारांतून सावरणारी माणसं शेतावर राहतात, कर्मचारी आणि त्यांची कुटुंबंही तिथेच राहतात. औषधं चालू असतात आणि दिवस भरतो तो गाईच्या धारेने, भाजीच्या वाफ्याने, स्वयंपाकाने. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात मॉन्टेरी इथे विल्यम आणि अ‍ॅग्नेस गूल्ड या दांपत्याने १९१३ मध्ये असं शेत सुरू केलं. गूल्ड फार्म आजही चालू आहे आणि तिथे राहायला येणाऱ्याला पेशंट न म्हणता पाहुणा म्हणतात. आपल्याकडे आनंदवनाचा रोग वेगळा, पण वाट तीच. वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर बाबा आमट्यांनी काम सुरू केलं, तेव्हा हाती घेतलेल्या पहिल्या कामांत होती ती विहीर. इमारतींचं नंतर पाहिलं गेलं. हा क्रम लक्षात ठेवा.

पुढचे सगळे आकडे ३० निवासी आणि कर्मचारी कुटुंबं धरून साधारण ४५ माणसांच्या वस्तीचे आहेत.

पहिली पायरी : जमीन

दहा-पंधरा एकर पुरतात. त्याहून जास्त असेल तर चांगलंच, पण पहिली पाच वर्षं ती कसायला माणसं नसतात आणि पडीक रान नुसतं सापांना होतं. एकरांपेक्षा मी तीन गोष्टी आधी बघतो. एसटीचा थांबा चालत गाठता येतो का? नातेवाईक त्याच बसने येणार आणि बरा झालेला माणूसही त्याच बसने एकटा बाजारात जाऊन येणार. चोवीस तास चालणारं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाडीने अर्ध्या तासात आहे का? आणि शेजारी गाव आहे का? लोकांना वाटतं, अशा जागेला एकांत हवा. शांतता हवी हे खरं, पण गावापासून तुटलेली जागा दहा वर्षांत कोंडवाडा होते.

कागद तपासताना सातबारा, फेरफार, आठ-अ यांच्यासोबत गावनकाशा काढाच आणि मोजणी करून घ्या. आमची पहिली जमीन मोजणीविना घेतली होती. वहिवाटीचा पांदण रस्ता नेमका जिथे स्वयंपाकघर आखलं होतं तिथून जात होता. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि बांधकामासाठी अकृषिक वापराचा प्रश्न येतो. त्यातले नियम बदलत राहतात, म्हणून तहसील कार्यालयात आजचा नियम विचारा, एजंटाकडचा नको. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. मानसिक आजार असलेल्यांना ठेवून घेऊन त्यांची देखभाल आणि पुनर्वसन करणारी जागा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली येते. तिची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. हा कायदा नकाशा काढायच्या आधी वाचा, कारण त्यातली बरीच कलमं थेट भिंतींवर येतात. साखळदंडाला बंदी, एकट्याला कोंडून ठेवायला बंदी, खाजगीपणाचा हक्क, स्वच्छ मोरी-संडास, करमणुकीची सोय. म्हणजे 'आवर घालायची खोली' नावाची खोली नकाशात असूच शकत नाही. एका आर्किटेक्टने आम्हाला ती दोनदा काढून दिली होती.

दुसरी पायरी : एक पावसाळा नुसतं बघा

जमीन मिळाल्यावर लगेच पाया खणू नका. एक पावसाळा जाऊ द्या. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, ओढा किती फुगतो, वारा कुठून झोंबतो हे काठीला चिंध्या बांधून आणि फक्की टाकून खुणावून ठेवा. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणून गोठा, शेणखड्डा आणि सांडपाण्याचा खड्डा राहत्या घरांच्या पूर्वेला किंवा ईशान्येला ठेवा. उलटं केलंत तर चार महिने जेवताना शेणाचा वास.

माती दोन प्रकारची असेल तर वाटणी सोपी आहे. काळी पिकाला, मुरमाड घराला. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि वरचं जोतं घेऊन हलते. तिच्यावरच बांधायची वेळ आली तर मुरूम लागेपर्यंत खाली जा किंवा इंजिनिअरकडून त्या मातीसाठीचा पाया काढून घ्या. दोन्ही महाग पडतं.

तिसरी पायरी : पाणी

माणशी दिवसाला १३५ लिटर धरा. ४५ माणसांचे सहा हजार लिटर झाले. गाई, भाज्या वेगळ्या. दोन दिवसांचा साठा हवाच, म्हणजे बारा-तेरा हजार लिटरची टाकी, माळाच्या उंच भागावर, उताराने पाणी येईल अशी. उंच मनोऱ्यावर टाकी बांधायचीच असेल तर शिडीचा खालचा आठ फुटांचा भाग काढता येईल असा करा आणि तो कुलपात ठेवा. याच कारणाने मला सपाट गच्ची नको असते. उतरतं छप्पर घातलं की जिन्याचा आणि कठड्याचा प्रश्नच उरत नाही, आणि पावसाचं पाणीही पन्हळीतून सरळ हाती येतं. हजार चौरस फूट छप्पर, ७०० मिलिमीटर पाऊस, असा हिशेब केला तर कागदावर ६५ हजार लिटर होतात. गळती आणि पहिल्या सरीचं सोडून दिलेलं पाणी वजा जाता पन्नास हजार तरी धरायला हरकत नाही. सांडपाणी केळीला आणि नेपियर गवताला द्या.

चौथी पायरी : घरं

लांबलचक वॉर्ड बांधू नका. तो स्वस्त पडतो, देखरेखीला सोपा वाटतो, आणि माणूस त्यात शिरला की पुन्हा पेशंट होतो. आठ-दहा जणांचं एक घर असावं. अशी तीन-चार घरं, मध्ये अंगण, प्रत्येक घराला पुढे रुंद पडवी. खोलीत एक किंवा दोन माणसं. तीन कधीच नाही, कारण दोघांचं जमतं आणि तिसरा एकटा पडतो. प्रत्येक घरात एक कर्मचारी कुटुंब राहावं आणि त्यांच्या खोलीचं दार पडवीत उघडावं. पोरं अंगणात सायकल फिरवायला लागली की त्या जागेतला दवाखान्याचा वास निम्मा जातो.

पडवीवर पैसे खर्च करा. किमान सात फूट रुंद आणि कडेने बसायला कट्टा. ज्याला माणसांत मिसळायचं नाही पण खोलीतही बसवत नाही, अशा माणसाची हीच जागा. आमच्याकडे एक काका दोन महिने फक्त पडवीच्या टोकाला बसत. तिसऱ्या महिन्यात समोर शेंगा निवडायला बसलेल्या बायकांना म्हणाले, "अहो, कीड लागलेल्या वेगळ्या काढा की." तिथून ते पाटीजवळ सरकले. पडवी चार फुटांची असती तर त्या बायका तिथे बसल्याच नसत्या.

छपराला नुसता पत्रा नको. उन्हाचं तर सगळ्यांना माहीत आहे, पण जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळतो तेव्हा ज्याला आधीच कानात आवाज येतात त्याची रात्र कशी जात असेल? कौलं घाला. पत्राच परवडत असेल तर खाली छत मारून मधली पोकळी भरा.

दारं-खिडक्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच चुका होतात. संडास-बाथरूमचं दार बाहेर उघडणारं हवं. आत कोणी चक्कर येऊन पडलं तर आत उघडणारं दार त्याच्या अंगालाच अडकतं. आतली कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी मिळते, तीच घ्या. शॉवरचा दांडा, टॉवेलचा पाइप, पडद्याची जाड सळी, कपाटातली आडवी नळी, वजन पेलेल असं यातलं काहीच नको. कपड्यांना फळ्या आणि वजन आलं की निखळणारे हुक लावा. आरसा अ‍ॅक्रिलिकचा. पण म्हणून खोली कोठडीसारखी दिसता कामा नये. इंग्लंडात यॉर्कला क्वेकर लोकांनी १७९६ मध्ये सुरू केलेल्या 'रिट्रीट'मध्ये खिडक्यांच्या चौकटी लोखंडी होत्या, पण दिसायला घरच्या लाकडी खिडक्यांसारख्या. गज म्हणून दिसू नयेत एवढ्यासाठीच. सव्वादोनशे वर्षांत याहून चांगली युक्ती मला तरी भेटलेली नाही. आमच्या सुताराला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, रंगच तर लावायचाय." आणि खरंच, खिडकीच्या उभ्या पट्ट्या तपकिरी रंगवून त्याने त्यांची चौकट करून टाकली.

जोतं दीड फुटाचं असेल तर उतरण अठरा फूट लांब हवी. प्रमाण बारास एक. औषधांनी काहींचे पाय जड होतात, हात थरथरतात, म्हणून प्रत्येक पायरीला धरायला कठडा आणि पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. फरशी गुळगुळीत नको, शहाबादी चालते. झोपायला खाट आणि मच्छरदाणी, जमिनीवर अंथरूण नको. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यालाच चावते. भिंतीला टेकून सरपण किंवा विटा रचू नका.

पाचवी पायरी : स्वयंपाकघर

वस्तीच्या बरोब्बर मध्ये आणि एकच. घरोघरी छोटी स्वयंपाकघरं केलीत की लोक एकत्र यायचं कारणच संपतं. ओट्याभोवती सहा माणसं उभी राहतील एवढी जागा आणि शेजारी खाली बसून निवडण-टिपण करायला मोठी मोरीसकट पडवी. सुऱ्या-विळ्यांना कुलपाचं कपाट, गॅसची टाकी बाहेर जाळीच्या पिंजऱ्यात. गोबरगॅसबद्दल लोकांच्या फार अपेक्षा असतात. एक घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो शेण लागतं. पाच गाईंच्या शेणातून दोन घनमीटर निघाला तर तो एका कुटुंबाच्या स्वयंपाकाला होतो. आमच्याकडे त्यावर दूध तापतं आणि सकाळचा चहा होतो. तेवढ्यासाठीही करण्यासारखा आहे, पण सिलिंडर सुटत नाही.

जेवणघराच्या दाराशी कामाचा फळा लावा. कोणतं काम, किती वाजता, किती जण आणि मोबदला किती, हे त्यावर लिहिलेलं असावं. कायदा सांगतो की निवाशाला कामाची सक्ती करता येत नाही आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. 'कामातून उपचार' म्हणत फुकट राबवून घेणाऱ्या जागा मी पाहिल्यात. फळ्यावर आकडा उघडा लिहिलेला असला की तसं करणं जरा अवघड जातं.

सहावी पायरी : गोठा आणि कामाच्या जागा

गाय का, तर ती सकाळ-संध्याकाळ वाट बघते. भाजी एक दिवस थांबते, धार थांबत नाही. ज्या माणसाला उठायला कारण उरलेलं नाही त्याला हे कारण पुरतं. चार-पाच गाई घ्या, मुक्त गोठा करा. दर गाईला छपराखाली साडेतीन आणि मोकळ्यात सात चौरस मीटर जागा. कोबा खरबरीत ठेवा, मूत्रनालीला उतार द्या. मारकं जनावर आणि वळू नको. गव्हाण आणि भिंत यांच्यामधून दोन माणसं आरामात जातील एवढा बोळ ठेवा. घाबरलेल्या नवख्या माणसाला मागे सरकायला जागा लागते.

कडबाकुट्टी यंत्र हा गोठ्यातला खरा धोका. औषधांनी डोळ्यांवर झापड असताना त्यात हात घालायला क्षण लागत नाही. यंत्र वेगळ्या खोलीत, कुलपात, झाकणासकट असावं आणि ते एकाच ठरलेल्या कर्मचाऱ्याने चालवावं. वैरण आणून द्यायला मात्र कोणीही जावं.

अवजारांच्या खोलीत भिंतीवर प्रत्येक अवजाराची बाह्याकृती पांढऱ्या रंगाने काढा. खुरपं, विळा, कोयता, कुदळ, टिकाव, फावडं, ज्याचं त्याचं चित्र. संध्याकाळी सहाला दारातून नजर टाकली की रिकामं चित्र दिसतं. कोणाची झडती घ्यावी लागत नाही, कोणाचा अपमान होत नाही. एकदा कोयत्याचं चित्र रिकामं दिसलं तेव्हा काळजाचं पाणी झालं होतं. शेजारच्या शेतकऱ्याने बांध साफ करायला नेला होता!

उन्हाचा मुद्दा इथल्या कित्येकांना ठाऊक नसतो. या आजारांवरच्या अनेक गोळ्यांनी अंगाची उष्णता सांभाळायची ताकद कमी होते, काहींनी घाम कमी येतो, काहींनी कातडी उन्हाला हळवी होते. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर औषध रक्तात वाढून विषबाधा होऊ शकते. म्हणून प्रत्येक कामाच्या जागेपासून शंभर पावलांत सावली आणि भरलेला माठ हवा. उन्हाळ्यात शेतातलं काम दहाला बंद. दुपारचं काम छपराखाली असावं. रोपवाटिकेत पिशव्या भरणं, शेंगा फोडणं, सुतारकाम. त्यासाठी एक मोठी उघडी शेड सुरुवातीलाच बांधा, पैसे कमी असतील तर कार्यालयाच्या आधी.

सातवी पायरी : विहीर, शेततळं, विष

विहिरीला कंबरेइतका कठडा आणि वरून लोखंडी जाळी, पंपासाठी ठेवलेल्या झाकणाला कुलूप. शेततळ्याबद्दल माझं मत कडक आहे, प्लास्टिक अंथरलेलं तळं वस्तीच्या आवारात नको. तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या तळ्यात बावीस लाख लिटर पाणी मावतं, मान्य. पण त्याच्या कडा इतक्या निसरड्या असतात की पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. दर उन्हाळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. करायचंच असेल तर आवाराबाहेर करा. भोवती जाळीचं कुंपण, फाटकाला कुलूप आणि चारी कडांवरून आत सोडलेले गाठी मारलेले दोर, टायरी बांधून.

कीटकनाशक शेतावर आणूच नका. कुलपात ठेवू म्हणणाऱ्याला मी विचारतो, किल्ली कोणाच्या खिशात आणि तो रजेवर गेला की? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी-शेतमजूर दगावले, म्हणजे धडधाकट माणसालाही हे विष सोडत नाही. निंबोळी अर्क, दशपर्णी, पिवळे चिकट सापळे यांवर भागवा. उत्पादन थोडं घटेल. उंदरांचं औषधही नको, पिंजरे लावा आणि मांजर पाळा.

आणि झाडं. सरकारी रोपवाटिकेतून शोभेची म्हणून हमखास कण्हेर येते, कुंपणाला बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर येते. दोन्ही विषारी, बिट्टीची बी तर जीवघेणी. धोतरा, गुंज, एरंडही उपटा. आमच्या फाटकापासून जेवणघरापर्यंत बिट्टीची साठ झाडं मीच हौसेने लावली होती. एका पाहुण्या डॉक्टरांनी चहा पिता पिता दाखवून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी मुळांसकट काढली. त्या जागी आता जास्वंद आणि कढीपत्ता आहे.

आठवी पायरी : आग

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तामिळनाडूत एरवाडीला एका मनोरुग्णांच्या जागेत आग लागली. शाकारलेली शेड होती आणि माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. म्हणून गवत-झावळ्यांचं छप्पर राहत्या घराला नाही. प्रत्येक घराला दोन दारं, दोन वेगवेगळ्या दिशांना, रात्रीही आतून किल्लीविना उघडणारी. खिडकीची जाळी एका बाजूने बिजागरीवर. कडब्याची गंजी घरांपासून शंभर फूट लांब. विड्या-सिगारेटी पूर्ण बंद होतील असं समजू नका, लोक मग गंजीमागे जाऊन ओढतात. सिमेंटचा एक कट्टा, वाळूची बादली आणि वर सावली अशी उघडी जागा देऊन टाका. विजेच्या प्रत्येक फळीवर गळती होताच वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं यंत्र बसवा, मोटरच्या खोलीत तर आधी.

नववी पायरी : वाटा, कुंपण, फाटक

अस्वस्थ माणूस चालतो. त्याला अडवू नका, त्याला वाट द्या. आवाराभोवती फिरून घराशीच परत येणारी गोल वाट आखा. कुठेही अडून परत फिरावं लागू नये. जमिनीलगत मंद दिवे, दर दोनशे पावलांवर बाक. दोन्ही बाजूंचं गवत कापलेलं असलं की साप दिसतो.

कुंपणाला भिंत नको. रानडुकरांसाठी तार लागेल ती लावा, पण रस्त्याकडून मेंदी आणि जास्वंदीची जिवंत कड असू द्या. पहिली दोन वर्षं गावात आम्हाला 'येड्याची वाडी' म्हणायचे. ते बदललं ते पिठाच्या गिरणीने. फाटकाशी रस्त्याच्या अंगाला गिरणी टाकली. ती चालवतात आमच्यातलेच दोघे. गावच्या बायका डबे घेऊन यायला लागल्या, दळण होईस्तोवर पडवीत बसायला लागल्या. गूल्ड फार्मनेही रस्त्याकडेला असंच एक खाण्याचं दुकान काढलं आहे. तुमच्या गावात गिरणी असेल तर दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊ नका. रोपवाटिका काढा, दूध संकलन काढा. फाटकाशी असं काही हवं की लोकांना यायला निमित्त मिळेल.

बांधायचा क्रम आणि देखभाल

आधी पाणी, मग उघडी शेड, मग स्वयंपाकघर, मग एकच घर. आठ माणसांनिशी एक वर्ष त्यात राहा आणि दुसऱ्या घराचा नकाशा त्या आठांसमोर पसरा. आमच्या दुसऱ्या घरात मोरीचं दार पूर्वेला सरकलं, कारण एका आजींनी सांगितलं, "पहाटे अंधारात मला तिकडून भीती वाटते." कार्यालय सगळ्यांत शेवटी, आणि तेही छोटं.

देखभालीची वही ठेवा. दर महिन्याच्या एक तारखेला एक कर्मचारी आणि एक निवासी, अशा जोडीने सगळं आवार फिरायचं. विहिरीची जाळी, बाथरूमच्या कड्या, निखळणारे हुक वजन लावून, तळ्याचे दोर, मागची दारं उघडतात का. मेच्या शेवटी कौलं चाळायची, पन्हळी साफ करायच्या, गटारं मोकळी करायची. कर्मचाऱ्यांना न दिसलेल्या गोष्टी निवाशांना दिसतात. मागच्या फेरीत मागचं दार उघडत नव्हतं, कारण कोणीतरी त्याला टेकवून बटाट्याची पोती ठेवली होती. वहीत तशी नोंद आहे, खाली पोती हलवल्याची वेळ आहे आणि दोघांच्या सह्या आहेत.